सोळावी भाजी: धोतऱ्याच्या विषबाधेचं एक प्रकरण

रात्री पावणेबाराला जीप आवारात शिरली तेव्हा मागच्या बाकावर बसलेली आजी मांडीवर वाती वळत होती. कापूस नव्हता. उजवा तळवा मांडीवरून लांब फिरवायचा, चिमटीत काहीतरी उचलायचं, डाव्या मुठीत ठेवायचं, की पुन्हा पहिल्यापासून. मुलानं हात धरला तर ती झटकून टाकायची आणि कुणाला तरी सांगायची, "तेल आण गं आधी." ती ज्या बाजूला बघत होती तिथं कुणी नव्हतं.

महालक्ष्म्यांचा दुसरा, म्हणजे जेवणाचा दिवस होता. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला असलेल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री मी एकटी डॉक्टर होते. सोबत एक सिस्टर आणि वॉर्डातले मामा. जीपमधून चौघं उतरली: आजी (६४), थोरली सून (३८), तिचा मुलगा (१९) आणि धाकटी सून (३०). धाकटी स्वतःच्या पायांनी आली आणि तिनंच बाकीच्यांना आत आणलं. मागून थोरला मुलगा आला. त्याचं पहिलं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "मॅडम, आईच्या अंगात महालक्ष्मी आलीया. पण पोरालाबी कायतरी झालंय, आन् हिचंबी अंग तापलंय. आमाला कायच कळंना."

घरच्यांच्या परवानगीनं, नाव-गाव काढून हे प्रकरण लिहिते आहे. लिहायचं कारण इतकंच, की आपल्या बांधावरचं एक झाड मेंदूत नेमकं काय करतं हे त्या रात्री एकाच घरातल्या माणसांमध्ये पायरीपायरीनं दिसलं. आणि ते ओळखता आलं ते मेंदूकडे बघून नाही, काखेत हात घालून.

साडेसातला नैवेद्य झाला, आठच्या सुमारास पंगत उठली. नऊला आजीनं पाणी मागितलं, मग परत मागितलं. घास गिळताना अडकतोय म्हणाली. साडेनऊला ती उठून मखरासमोर गेली आणि उभ्यानंच बोलायला लागली. चेहरा लालबुंद, डोळे मोठे आणि चमकदार, घरच्या कुणाला ओळखेना. शेजारच्या बाया धावल्या. हळदकुंकू लावलं, ओटी भरली, पाया पडल्या. सणाचा दिवस, समोर ज्येष्ठा-कनिष्ठा बसलेल्या आणि घरातली सगळ्यात मोठी बाई न दिसणाऱ्या कुणाशी तरी बोलते आहे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. त्यात गेलेल्या दीड तासासाठी मी त्या घराला बोल लावत नाही.

शंका आली ती धाकट्या सुनेला. तिला डॉक्टरला फोन करायचा होता आणि मोबाईलवरचे आकडेच दिसेनात. हात लांब केल्यावर थोडे दिसले. "देवी आत्याबाईंच्या अंगात आली आसंल," ती मला नंतर म्हणाली, "पण मंग माझे डोळे कामून गेले?" या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न तिनं विचारला होता.

दरम्यान नातवाचं वेगळंच चाललं होतं. तो भिंतीला धरून चालत होता, मधेच हसत होता, जमिनीवरून काहीतरी वेचत होता. चुलत्याला वाटलं यानं गांजा ओढला. दोन थपडाही बसल्या होत्या. त्याचं तोंड आणि छाती लाल दिसली म्हणून जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी ॲलर्जी समजून फेनिरामाइनचं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर तो शांत होण्याऐवजी जास्तच भरकटला. याबद्दल पुढं लिहिते.

आजीची तपासणी अशी होती. नाडी मिनिटाला १३८, रक्तदाब १५०/९०, ताप १०२.६ फॅरनहाइट. बाहुल्या इतक्या पसरलेल्या की बुबुळाची फक्त बारीक कड उरली होती. बॅटरी मारली तरी हलेनात. जीभ कोरडी, खरखरीत. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्याचा आवाज नाही. बेंबीखाली गोल, ताणलेला फुगार: लघवी तुंबलेली. बोलणं पुटपुटल्यासारखं, शब्द एकमेकांत मिसळलेले. आणि १०२.६ ताप असून, भादव्यातल्या दमट रात्री, नऊवारी नेसून दीड तास उभी असलेल्या बाईची काख ठणठणीत कोरडी.

या कोरड्या काखेनं निदान केलं. अंगात येण्याचे प्रसंग मी लहानपणापासून पाहिले आहेत, आमच्याच गावात. घुमणारी बाई घामानं निथळते, पोलक्याची पाठ भिजते, नाडी जोरात चालते पण कातडी ओली असते. श्रमणाऱ्या शरीराला घाम सोडावाच लागतो. आजीचं शरीर तापत होतं आणि घाम सोडण्याचा हुकूम घामाच्या ग्रंथींपर्यंत पोचतच नव्हता.

दुसरं म्हणजे, हे चित्र मी स्वतःच्या हातानं शेकडो वेळा तयार केलेलं होतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला फवारणीचं औषध प्यायलेला माणूस परका नाही. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ आणि फेस येतो, छातीत पाणी भरतं, अंग घामानं चिंब होतं. त्यावर आम्ही ॲट्रोपिन देतो. ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूल एकामागून एक फुटतात, कधी शेकड्यांनी. केव्हा थांबायचं? छाती मोकळी झाली, नाडी वाढली, काख कोरडी झाली की. डोस जास्त झाला तर रुग्णाला ताप चढतो, पोट थंडावतं, तो चादरीचे धागे उपटायला लागतो, हवेतून काही पकडायला लागतो. आजी मला तशी दिसली: ॲट्रोपिन जास्त झालेला रुग्ण. फक्त तिला ॲट्रोपिन कुणी दिलेलं नव्हतं.

म्हणजे ते तिनं खाल्लेलं होतं. आणि ॲट्रोपिन ज्या झाडाच्या पानात, बीत, मुळात तयार होतं ते आपल्याकडे उकिरड्यावर, बांधावर, सोयाबीनच्या कडेनं उगवतं. मी विचारलं, "जेवायला काय होतं?"

"पुरणपोळी, कढी, आंबील… आन् सोळा भाज्या."

सिस्टरनं मात्र चौघांना एकदम आलेलं पाहून, "विषबाधा" हा शब्द कानावर पडताच, सवयीनं ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूलची खोकी ट्रेमध्ये ठेवली होती. तिची चूक नव्हती. आमच्याकडे विषबाधा म्हटलं की नव्वद टक्के वेळा हात तिकडेच जातो. त्या ट्रेकडे बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. अंधारात, गर्दीत, बाहुल्या न बघता पहिली ॲम्प्यूल गेली असती तर?

माझीही एक चूक लिहायलाच हवी. नातू आवरेना, मामांना ढकलायला लागला, तेव्हा मी केसपेपरवर प्रोमेथाझिन लिहिलं. बेभान रुग्णाला शांत करायला ते आम्ही नेहमी वापरतो. सही करताना हात थांबला. प्रोमेथाझिन आणि त्याला आधी दिलेलं फेनिरामाइन ही दोन्ही जुन्या पिढीची ॲलर्जीविरोधी औषधं. ती हिस्टमिनचा रिसेप्टर तर अडवतातच, पण धोतरा ज्या रिसेप्टरवर बसतो त्यावरही बसतात. पोरगा ज्यात बुडत होता त्यातच मी आणखी पाणी ओतणार होते. ओळ खोडली, लोराझेपाम लिहिलं: तेही शांत करतं, पण त्या रिसेप्टरला शिवत नाही. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

आता रिसेप्टर म्हणजे काय ते सांगते. मोठ्या मुलाला त्या रात्री व्हरांड्यात सांगितलं होतं, तसंच.

आपल्या नसांना एकमेकींशी आणि स्नायू-ग्रंथींशी बोलायला रसायनं लागतात. त्यांतलं सगळ्यात आधी सापडलेलं ॲसिटिलकोलिन. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची वेगस नस चेतवून त्याची गती मंद केली, आणि त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं. नस न लागताही दुसरं हृदय मंद झालं. हुकूम विजेनं नाही, रसायनानं पोचत होता. या कामासाठी त्यांना आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. ॲसिटिलकोलिन ज्या प्रथिनांवर बसून काम करतं ते त्याचे रिसेप्टर. त्यांतल्या एका कुळाला मस्करिनिक म्हणतात. त्याचे एम-वन ते एम-फाइव्ह असे पाच प्रकार. एम-टू मुख्यतः हृदयात, एम-थ्री लाळ-घामाच्या ग्रंथी, आतडं, मूत्राशय आणि डोळ्याच्या बारीक स्नायूंत, आणि एम-वन मेंदूच्या सालीत व हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे लक्ष आणि आठवण जिथं जुळवली जाते तिथं.

सुटीच्या दिवसांत एसटी फलाटाला लागण्याआधीच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल कुठं जात नाही, तिकीट काढत नाही, पण ज्यानं बसायचं तो माणूस उभा राहतो. धोतऱ्यातलं हायोसायमिन, स्कोपोलामिन आणि ॲट्रोपिन हे असे रुमाल आहेत. ते मस्करिनिक रिसेप्टरवर बसतात, काहीच करत नाहीत, फक्त ॲसिटिलकोलिनला बसू देत नाहीत. विष म्हटलं की आपल्याला वाटतं ते काहीतरी जाळत असेल, फाडत असेल. हे विष नुसतं जागा अडवून बसतं.

आणि ते सगळीकडेच बसतं. घामाच्या ग्रंथीवर बसलं की अंग तापतं आणि कातडीच्या नळ्या पसरून लाल होतात. लाळेच्या ग्रंथीवर बसलं की घास अडकतो. बाहुली आवळणारा स्नायू सैल पडतो, जवळचं दिसायला भिंग फुगवणारा स्नायूही सैल पडतो, मग मोबाईलचे आकडे विरतात. हृदयावर वेगस नसेचा लगाम असतो, तो सुटतो. मूत्राशय पिळलं जात नाही. आतडं झोपतं. आणि मेंदूत एम-वन अडला की समोरचं आणि मनातलं यांतला बांध फुटतो.

भास होतो तो इथं. पण हा भास कसला हे नीट बघायला हवं, कारण निसर्गात भास घडवणाऱ्या वनस्पती आणि बुरश्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे. मेक्सिकोतल्या काही बुरश्यांमधलं सिलोसायबिन शरीरात सिलोसिन होतं आणि सेरोटोनिनच्या फाइव्ह-एचटी-टू-ए या रिसेप्टरवर बसतं. ते तिथं नुसतं बसत नाही, त्याला चेतवतं. पेयोटी निवडुंगातलं मेस्कलिनही तेच दार वापरतं. १९९८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की हा रिसेप्टर आधी केटान्सेरिन या औषधानं अडवला तर सिलोसायबिन घेतलेल्या माणसाला भास होत नाहीत. मेक्सिकोतच वाढणाऱ्या साल्व्हिया जातीच्या एका झाडातलं साल्व्हिनोरिन कप्पा ओपिऑइड रिसेप्टरवर काम करतं, तिथं सेरोटोनिनचा संबंधच नाही. गांजा-भांगेतलं टीएचसी सीबी-वन रिसेप्टर चेतवतं. त्याच रिसेप्टरसाठी शरीर स्वतः जे रसायन बनवतं ते १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये सापडलं, आणि शोधणाऱ्यांनी त्याला संस्कृतातल्या आनंदावरून आनंदामाइड नाव दिलं. मस्करिनिक हे नाव ज्या मस्करिनवरून आलं ते लाल टोपीच्या अमानिता बुरशीत सापडलं होतं, पण त्या बुरशीनं होणारे भास मस्करिनमुळे नसतात. ते मस्किमॉलमुळे, गाबा-ए रिसेप्टरवर. नावावरून जाऊ नये ते असं.

रुग्णाच्या उशाशी उभं राहिल्यावर या फरकाला वजन येतं. सिलोसायबिन घेतलेल्याला बहुधा आकृत्या, रंग, हलणाऱ्या भिंती दिसतात आणि आपण काहीतरी घेतलंय हे त्याच्या मनाच्या कोपऱ्यात शिल्लक असतं. धोतऱ्यात तो कोपराच उरत नाही. आजीला रंग दिसत नव्हते. तिला तिचीच ओसरी दिसत होती, कापूस दिसत होता, तेल आणायला सांगितलेली कुणी मुलगी दिसत होती. तिच्या हातांना वर्षानुवर्षांचं काम ठाऊक होतं आणि ते काम तिच्या डोळ्यांपुढं खरं होतं. ही भ्रमिष्टावस्था आहे, डिलिरियम. गांजानं नातवाचे डोळे लाल झाले असते, नाडीही वाढली असती, पण बाहुल्या बुबुळभर झाल्या नसत्या आणि मूत्राशय तुंबलं नसतं. चुलत्याला मी हे सांगितलं तेव्हा तो मान खाली घालून पोराच्या पायाशी जाऊन बसला.

एकाच पातेल्यातली भाजी पाच जणांनी खाल्ली आणि पाच पायऱ्या दिसल्या, हे मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. पाचवी म्हणजे सवाष्ण म्हणून जेवायला आलेली शेजारीण. तिनं भाजी पानावर नावापुरती घेतली होती. ती सकाळी चौकशीला आली तेव्हा सहज म्हणाली, "राती माजाबी घसा लई वाळला होता." बस, एवढंच. लाळ आणि घाम यांचे रिसेप्टर सगळ्यात कमी मात्रेला अडतात. धाकटी सून स्वयंपाक करून शेवटी जेवली, तिच्या वाट्याला दोन-तीन चमचे आले: घसा कोरडा, शिवाय जवळचं दिसेना, नाडी ११०. थोरलीनं एक वाटी खाल्ली: नाडी १२४, ताप, चेहरा लाल, बेचैन, लघवीला होत नाही म्हणून रडवेली, पण नाव-गाव-वार बरोबर सांगत होती. नातवानं दीड वाटी खाल्ली, वर फेनिरामाइन. आणि आजीला साखरेचा आजार आहे म्हणून तिनं पुरण तोंडात घातलं नव्हतं. ती भाकरीशी दोन वाट्या भाजी जेवली होती. वजन ४३ किलो. शिवाय वयाबरोबर मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनच्या नसा विरळ होत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला थोड्या औषधानंही भ्रम होतो. पथ्य पाळलं म्हणून तिला सगळ्यात जास्त विष गेलं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

लघवीची नळी घातल्यावर आजीचं ९०० मिली बाहेर आलं आणि ती पहिल्यांदा दहा मिनिटं शांत पडली. भ्रमिष्ट रुग्ण ओरडतो तेव्हा आपण त्याला शांत करायचं औषध शोधतो. कितीदा तरी तो बिचारा तुंबलेल्या लघवीनं तळमळत असतो आणि त्याला ते सांगता येत नसतं. तापासाठी पॅरासिटामॉलवर भिस्त ठेवून चालणार नव्हतं, कारण मेंदूतला तापाचा काटा बिघडलेला नव्हता, उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद होती. म्हणून ओल्या फडक्यांनी अंग पुसणं आणि पंखा. घाम येत नाही तर घामाचं काम आम्ही पाण्यानं केलं. मामा आणि थोरला मुलगा पहाटेपर्यंत आळीपाळीनं बसले होते. पोटातलं विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा पाजायचा विचार केला, कारण आतडं झोपलेलं असल्यानं पोटातली भाजी पुढं सरकलेली नसते. धाकटीला आणि थोरलीला दिला, आजीला आणि नातवाला गिळताना ठसका लागून श्वासात जाईल म्हणून नाही. लोराझेपाम थोडं थोडं. दर तासाला ईसीजी. खोलीतला मोठा दिवा बंद, कारण पसरलेल्या बाहुल्यांना उजेड सहन होत नाही, आणि ओळखीचं एकच माणूस उशाशी.

अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या फिजिशियन सरांशी फोनवर बोलले. झटका आला किंवा ईसीजी रुंदावला तर लगेच १०८ नं पाठवा, नाहीतर तिथंच ठेवा, असं ठरलं. फायसोस्टिग्मिनबद्दल मीच विचारलं. आमच्याकडे ते नव्हतं.

या औषधाबद्दल थोडं लांबते. पश्चिम आफ्रिकेतल्या कालाबार भागात एक शेंग होते, तिचं बी आरोपीला पाजून तो खरा की खोटा हे ठरवत. १८६४ साली त्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळं केलं गेलं आणि त्याच वर्षी प्रागमध्ये ॲट्रोपिनच्या विषबाधेवर उतारा म्हणून वापरलंही गेलं. ॲसिटिलकोलिन काम करून झालं की त्याला लगेच तोडणारं एक एन्झाइम असतं. आपल्या एसटीतला तो प्रवाशांना उतरवणारा कंडक्टर समजा. फायसोस्टिग्मिन कंडक्टरला काही काळ थोपवतं. प्रवासी वाढत जातात, गर्दी इतकी होते की रुमाल बाजूला सारून लोक बसतात. धोतऱ्याचे रेणू रिसेप्टरला कायमचे चिकटलेले नसतात, म्हणून हे जमतं. कीटकनाशकही याच कंडक्टरला पकडतं, पण सोडत नाही. म्हणून त्या विषबाधेत गाडी ओसंडते आणि आम्ही मुद्दाम रुमाल टाकतो. एका विषाचा उतारा दुसरं विष, आणि त्याचा उतारा पुन्हा पहिल्याच जातीचं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

त्याच जातीचं निओस्टिग्मिन तरी द्यावं का, हा प्रश्न डोक्यात आला होता, ते भुलीच्या खोलीत असतं. पण त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार आहे आणि भार असलेला रेणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सहसा ओलांडत नाही. ते पोट हलवेल, भ्रम हलवणार नाही. हीच भिंत दुसऱ्या बाजूनं आपल्याला रोज वाचवते. पोटात मुरडा आला की जे हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड टोचतात ते धोतऱ्यातल्या स्कोपोलामिनलाच भार चढवून केलेलं आहे. दम्याच्या वाफेतलं इप्राट्रोपियम ॲट्रोपिनपासून घडवलेलं आहे. धोतऱ्याची वाळलेली पानं ओढून दमा मोकळा करणारे म्हातारे आपल्या गावांत होते. त्यांची श्वासनळी खरोखरच सैल व्हायची, एम-थ्री अडल्यामुळे. फक्त त्यांचा धूर फुप्फुसात थांबत नव्हता, पुढं मेंदूत जात होता.

पहाटे तीनच्या सुमारास थोरल्या मुलाला मी घरी पाठवलं होतं, भाजीची साल-देठं गोळा करायला. तो पिशवी घेऊन परत आला. भोपळ्याची साल, दोडक्याच्या शिरा, गवारीची टोकं, अंबाडीचे देठ, आळूचे दांडे. आणि पाच-सहा कोवळे, जाड, पोकळसर देठ, त्यांना लागून राहिलेली एक-दोन पानं. चुरगाळून वास घेतला, नकोसा उग्र वास. पानाच्या बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एक बाजू देठावर खाली उतरलेली. तांदुळज्याचं पान लहान, टोकाशी जराशी खाच असलेलं, वास जवळजवळ नसलेलं. कोवळेपणी, पांढरं किंवा जांभळं कर्ण्यासारखं फूल यायच्या आणि काटेरी बोंड धरायच्या आधी, गडबडीत चूक होऊ शकते. बोंड असतं तर लहान पोरानंही ओळखलं असतं, शिवरात्रीला तेच तर महादेवाला वाहतात.

सकाळी धाकटीनं सगळं सांगितलं. भाज्या मोजताना पंधरा भरल्या. बाजारातून आणलेला माठ निवडताना सडका निघाला. नैवेद्याला उशीर होत होता. तिनं अकरा वर्षांच्या मुलाला बांधावर पिटाळलं: "तांदुळजा दिसतो का बघ, मूठभर आण." त्यानं मूठभर आणलं. मोरीपाशी अंधार होता, तिनं धुऊन, चिरून पातेल्यात टाकलं. शिजवल्यानं धोतऱ्यातले हे अल्कलॉइड, म्हणजे वर सांगितलेली विषारी रसायनं, पुरते नाहीसे होत नाहीत. काही पाण्यात उतरतात, आणि भाजीचं पाणी आपण टाकत नाही.

तो मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. रात्रभर तिथंच होता म्हणे. त्यानं भाजी खाल्ली नव्हती. मी शेजारी बसले तर म्हणाला, "आज्जी मरंल का?" नाही म्हटलं. तरी उठेना. मग त्याला आत नेलं, आजीच्या काखेला हात लावायला सांगितला. तेव्हा साडेआठ वाजले होते आणि काख किंचित ओलसर लागत होती. "घाम आला," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की घाम आला म्हणजे विष उतरायला लागलं. दिवसभर तो दर थोड्या वेळानं जाऊन बघत होता आणि सिस्टरला सांगत होता.

विषबाधा असल्यानं पोलिसांत नोंद करावी लागली. घरचे घाबरले, धाकटी तर गळूनच गेली. तिला वाटलं आपल्यावर केस होणार. हवालदारदादांनी जबाब घेतला आणि तिला म्हणाले, "बाई, माझ्याबी घरी महालक्ष्म्या हायत." तिला तेवढ्यानं धीर आला.

थोरली संध्याकाळपर्यंत स्वच्छ झाली. नातवाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागलं. तो शुद्धीवर आल्यावर त्याला गांजाचा आळ, थपडा, इंजेक्शन, जीप यातलं काहीच आठवत नव्हतं. आजी छत्तीस तासांनी मुलाला नावानं हाक मारायला लागली. स्कोपोलामिन आठवण साठू देत नाही हे जुनं ज्ञान आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबर्गला बाळंतिणींना मॉर्फिनबरोबर ते देत, ते वेदना थांबाव्यात एवढ्यासाठी नाही, तर वेदना आठवू नयेत म्हणून. आजीच्या आयुष्यातून महालक्ष्म्यांची एक रात्र गेली ती परत येणार नव्हती. तिला शेवटचं आठवत होतं ते म्हणजे पानावर बसून भाकरी मोडणं.

शेजारणींनी तिला अंगात आल्याचं सांगितलं. तिनं मला विचारलं, "खरंच आलती का ओ?" मी म्हटलं, आजी, धोतरा होता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मी बोलले काय?" मी सांगितलं, तुम्ही वाती वळत होता आणि कुणाला तरी तेल आणायला सांगत होता. "नणंदेला," ती लगेच म्हणाली. "ती आन् मी मिळून वळायचो. जाऊन तीस वर्षं झाली तिला."

सहाव्या दिवशी ती तपासायला आली. नाडी ८४, जीभ ओली, लघवी व्यवस्थित. बाहुल्या अजून नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या, पण बॅटरीला हलत होत्या. डोळ्यातला परिणाम सगळ्यात शेवटी उतरतो. जवळचं दिसतं का हे बघायला माझ्याकडे वाचायचा तक्ता होता, पण तिला अक्षर येत नाही. धाकटीनं पिशवीतून सुई-दोरा काढून दिला. आजीनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, खिडकीकडे तोंड करून सुई धरली. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ओवलं.